नऊ नंबरवरची बाई

हे खरं आहे.

आधीच सांगून ठेवते, कारण मागाहून "वहिनी, थोडा मीठमसाला लावलात ना?" असं विचारणारे खूप भेटलेत. नाही लावला. जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी नणंद आहे. कुंदा तायडे. भुसावळात राहते, घरातच कॉम्प्युटरचा क्लास चालवते, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा दहापट खमकी आहे. विश्वास बसत नसेल तर पान उलटा. माझं काही अडलेलं नाही.

आणि हो, यात रात्र, अमावास्या, पिंपळ असलं काही शोधू नका.

भर दुपार होती.

एकोणीस मे एकोणीसशे नव्याण्णव, बुधवार. वेळ बाराची. ज्यांनी खानदेशातला मे काढलाय त्यांना काय सांगायचं? पारा शेहेचाळीसवर. दारं बंद, खिडक्यांना ओली गोणपाटं. भुसावळला रात्री दोन वाजता स्टेशनवर माणसं तरी असतात. मेमधल्या दुपारी बाराला गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही.

पण आधी माझ्या सासूबाईंचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

केसरबाई. भुसावळजवळच्या एका कारखान्याच्या वसाहतीत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. तिथे कुणालाच कुणाचा नंबर पाठ नसायचा. गरजच नव्हती. फोन उचलायचा, नऊ फिरवायचा. पलीकडून आवाज यायचा, "बोला."

आपण नुसतं नाव सांगायचं. "देवचंदभाऊंकडे द्या."

"देते."

आणि मग... खट्.

बोर्डात पिन खोचल्याचा तो आवाज. लागली लाइन.

त्या बोर्डाचे नियम मोठे कडक. बोर्ड रिकामा सोडायचा नाही. पाळी संपली तरी रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची बाई, आल्याशिवाय उठायचं नाही. ती यायची, बसलेल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "मी बसले, तू ऊठ." मगच उठायचं. आणि बोर्डावर असेपर्यंत स्वतःचा कॉल घ्यायचा नाही. घरून आला तरी नाही.

सासूबाईंनी एकवीस वर्षं हे पाळलं. जेव्हा मोडायला हवं होतं तेव्हासुद्धा पाळलं.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. असाच मे. कुंदा बारा वर्षांची, शाळेला सुट्टी, घरात ती आणि तिचे वडील अभिमनदादा, दोघंच. दुपारी दादांच्या छातीत कळ आली. पोरीने फोन उचलून नऊ फिरवला.

"बोला."

"आई, दादांना कसंतरी होतंय!"

सासूबाईंनी तीन मिनिटांत डॉक्टर जोडून दिला, गाडी जोडून दिली, काकांचं घर जोडून दिलं. खट्, खट्, खट्. सगळं दिलं. मग दादांनी पोरीच्या हातून रिसीव्हर घेतला. ते बायकोला नुसतं केसर म्हणायचे.

"केसर... ये ना."

"रिलीव्हर आली की निघते," पलीकडून आवाज आला. आणि लाइन बंद.

रिलीव्हर होती झुंबरबाई. तिची बस रस्त्यात बंद पडली होती. बारा वाजून दहा मिनिटांनी दादा गेले. सासूबाई घरी पोचल्या तेव्हा एक वाजून गेला होता.

कुंदा त्यांना एवढंच म्हणाली, "तू उठली असतीस तर!"

त्यानंतर वर्षभर ती आईशी बोलली नाही. मग बोलायला लागली, पण जेवढ्यास तेवढं. मनातून ते गेलंच नाही.

पुढे वसाहतीत आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं, बोर्ड भंगारात गेला. सासूबाईंनी लिलावातून आपली खुर्ची तेवढी घरी आणली. उंच, लोखंडी पायांची, हिरव्या रेक्झिनची. भुसावळच्या घरात फोनजवळ ठेवली. कुंदा त्या खुर्चीवर कधी बसली नाही. कुणी पाहुणा बसला तरी तिच्या कपाळावर आठी यायची.

सत्त्याण्णव साली सासूबाई गेल्या. त्याच खुर्चीत, दुपारी, कानाला रिसीव्हर लावलेला.

कुणाशी बोलत होत्या... माहीत नाही.

झालं! गल्लीने घर झपाटलेलं ठरवलं. आमचे हे, म्हणजे कुंदाचे थोरले भाऊ आधार, धुळ्याला नोकरीला. त्यांनी घर विकायचं काढलं. कुंदा तेव्हा जळगावला कॉम्प्युटर शिकवायची, खोली करून राहायची. ती तडक उठून भुसावळला आली आणि त्या घरात एकटी राहायला लागली.

"विकायचं नाही," ती म्हणाली.

"का पण?" हे म्हणाले. "ज्या आईशी तुझं पटलं नाही, तिच्या घराचा एवढा कळवळा?"

"पटलं नाही म्हणून टाकून द्यायचं का रे?"

बहीण-भावांची जुंपली. माझ्यादेखत. शेवटी ठरलं ते असं. धुळ्याची एक संस्था घरगुती क्लासला मान्यता द्यायची. अट एकच. दोन कॉम्प्युटर तारेने जोडलेले हवेत आणि एकाच फोन लाइनवरून दोन्हीवर इंटरनेट चाललं पाहिजे. मेअखेर मान्यता मिळाली तर घर कुंदाचं. नाही मिळाली तर तिने मुकाट्याने सही करायची. कुंदाने शब्द दिला. आणि ती शब्दाला पक्की आहे, मेली.

तपासणी शुक्रवारी, एकवीस तारखेला. दुपारी एक वाजता.

आता आलो बुधवारवर.

हॉलमध्ये दोन कॉम्प्युटर. पहिल्याला मॉडेम, त्यातून इंटरनेटसाठी जळगावला फोन लागायचा. दुसरा त्याला तारेने जोडलेला. घरात प्रत्येक मशीनला नंबर द्यावा लागतो. पहिल्याच्या नंबरचा शेवट एक, दुसऱ्याचा दोन. तिसरं मशीन नव्हतंच. पैसे कुठे होते?

मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं. कुंदाने समजावलं ते असं. इंटरनेटवर सगळी ओळख नंबरांची. आपण मात्र नाव टाइप करतो. मग त्या नावाचा नंबर सांगणारं कुणीतरी लागतं. त्याला डीएनएस सर्व्हर म्हणतात. आणि नावं कुणाला विचारायची, ते प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आपण भरून ठेवायचं असतं. म्हणजे दुसऱ्या मशीनमध्ये भरायचं होतं, पहिल्याला विचार. शेवटी एक.

"म्हणजे तुमच्या आईंसारखंच की!" मी म्हणाले होते.

ती उठून मॉडेमची तार तपासायला लागली होती.

तर बुधवारी बारा वाजता ती दुसऱ्या मशीनसमोर स्टुलावर बसली. चार दिवस हेच चाललं होतं. दुसऱ्यावर काही केल्या साइट उघडत नव्हती. घामाने बोटं निसटत होती. पुन्हा एकदा तिने सगळं पुसलं आणि नव्याने भरलं. मशीनचा नंबर भरला. मग ती चौकट आली... नाव कुणाला विचारायचं?

बोटाने आपोआप एक आकडा दाबला.

तिने एका साइटचं नाव टाकून टिचकी मारली. आणि बघता बघता साइट उघडली!

"अगं बाई!" कुंदा एकटीच ओरडली. दुसरी साइट टाकली. उघडली. तिसरी. उघडली. टाळ्या पिटायच्या बाकी होत्या.

चौथ्या वेळी तिला तो आवाज जाणवला.

नाव टाकलं की साइट उघडायच्या आधी... खट्.

मॉडेम असेल, म्हणून तिने सोडून दिलं. आनंद झाला की माणूस कान बंद करतो.

मग वहीत उतरवून घ्यावं म्हणून तिने भरलेले आकडे नीट पाहिले.

शेवटी एक नव्हता.

नऊ होता.

लहानपणापासूनची सवय ती. नाव कुणाला विचारायचं? नऊला. बोटाला दुसरं माहीतच नव्हतं.

पण घरात नऊ नंबरचं मशीन नव्हतं. मग उत्तर कोण देत होतं?

कुंदाने चूक दुरुस्त केली. नऊ खोडून एक भरला. साइट बंद. पुन्हा नऊ. खट्... उघडली. पुन्हा एक. बंद. तिने तार वीतवीत तपासली. भिंतीपासून टेबलापर्यंत दोनच जोड. तिसरा फाटा कुठेच नाही.

तिने नऊला हाक मारून पाहिली. कॉम्प्युटरवर तशी सोय असते, आहेस का म्हणून विचारायची.

उत्तर आलं... आहे.

संध्याकाळी शेजारच्या द्रौपदाबाई आल्या. माहेर साक्रीकडचं, बोलणं अजून तिकडचंच. दारातूनच म्हणाल्या, "पोरी, तुना घरमा कोनी शे का?"

"मी शे ना, मावशी."

"तू नही वं माय! दुपारले बाईना आवाज येस. बोला म्हनस, देते म्हनस. तुनी मायनाच आवाज शे तो. माना भाऊना गावले एक भगत शे, त्याले बलावू का?"

कुंदा हसली. आमच्या आजेसासऱ्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भूतबाधाही घराबाहेर काढली होती. सासूबाई तर अंगारा-धुपारा करणाऱ्याला दारात उभं करायच्या नाहीत.

"मावशी, भगत नको. भूत असेलच तर चांगलंय, त्याला कामाला लावते. माझ्याकडे माणूस कमी आहे."

द्रौपदाबाई कानाला हात लावत गेल्या.

पण रात्री कुंदाला झोप आली नाही. घाबरली होती का? मी विचारलं तिला. म्हणाली, "घाबरले नाही. राग आला होता. दादांसाठी उठून आली नाही, आणि माझ्या तारेत येऊन बसली?"

गुरुवारी तिने एक युक्ती केली. मासिकासोबत आलेल्या सीडीवर एक प्रोग्राम होता. तारेवरून जे जे जातं ते सगळं दाखवणारा. कोणी विचारलं, कोणतं नाव विचारलं, कोणी उत्तर दिलं. तो पहिल्या मशीनवर चालू केला. दुसरं मशीन बंद करून टाकलं. म्हणजे विचारणारं कुणी उरलंच नाही.

बारा वाजले.

पडदा रिकामा.

बारा वाजून दोन मिनिटं...

खट्.

एक ओळ उमटली. विचारणारा, सतरा. नाव, shevanta. उत्तर देणारा, नऊ.

खट्. विचारणारा, एकतीस. नाव, devchand. उत्तर देणारा, नऊ.

कुंदा पडद्याजवळ सरकली. सतरा हा वसाहतीतल्या उखर्डूकाकांच्या क्वार्टरचा नंबर होता. शेवंताबाई त्यांची बहीण. देवचंदभाऊ वसाहतीतले फिटर. जे विचारत होते ते, आणि ज्यांना मागत होते ते, एकूण एक माणूस गेलेला होता. काहींच्या तर अंत्ययात्रेला ती स्वतः होती.

ओळींमागून ओळी येत होत्या. खट्, खट्, खट्. नऊ एकालाही नाही म्हणत नव्हता.

तिची नजर कोपऱ्यातल्या हिरव्या खुर्चीकडे गेली.

खुर्ची रिकामी होती.

पण रेक्झिन... मधोमध दबलेलं होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी एक ओळ आली. विचारणारा, चाळीस. नाव, kesar.

उत्तर... नाही.

पुन्हा. चाळीस. kesar. उत्तर नाही. पुन्हा. पुन्हा. सात वेळा.

मग सगळं थांबलं.

चाळीस हा त्यांच्याच क्वार्टरचा नंबर होता. वसाहतीतला. आणि आईला नुसतं केसर म्हणणारा माणूस जगात एकच होता.

कुंदाने मला धुळ्याला फोन केला तेव्हा तिचा आवाज चिरका झाला होता. "वहिनी, एकवीस वर्षं दादा तिला मागताहेत गं. आणि ती सगळ्यांना सगळं देतेय, फक्त स्वतःला नाही. बोर्डावर बसलीय ना! बोर्डावरच्या बाईला कॉल घेता येत नाही."

"कुंदा, तू आत्ताच्या आत्ता धुळ्याला ये. खड्ड्यात गेलं ते घर!"

"का म्हणून?" ती एकदम तापली. "उद्या तपासणी आहे. साहेब प्रत्येक आकडा बघणार. हा नऊ कोण म्हणून विचारलं तर काय सांगू, माझी वारलेली आई? एक भरला तर मशीन चालत नाही, नऊ भरला तर आई चालवते. मला असलं उसनं नकोय. घर मिळवीन तर माझ्या हाताने मिळवीन. आणि तिलाही आता उठवलंच पाहिजे."

ठेवला फोन.

शुक्रवार. एकवीस मे.

साडेअकरालाच तिने दोन्ही मशीन चालू केली. दुसऱ्यात नऊ खोडून एक भरला. साइट बंद. असू दे म्हणाली. पंचशील म्हणून घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि उभी राहिली. स्टुलावर बसली नाही.

बारा.

खट्... खट्... सुरू झालं.

बारा पाचला वीज गेली. पंखा थांबला. दुसरं मशीन मेलं. पहिलं बॅटरीवर होतं, तेवढंच टिकलं. दहा मिनिटांची बॅटरी. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

आणि खुर्चीजवळून दुसरा.

खट्.

"बोला..."

कानात नाही, खोलीत. आवाज आईचा. तसाच, कामातला, कुणाचाच नसलेला.

कुंदा पुढे गेली. खुर्चीच्या मागे उभी राहिली. रेक्झिन दबलेलं. पाठीजवळ केसांना लावायच्या तेलाचा वास.

बारा दहा. पडद्यावर ओळ आली. चाळीस. kesar.

उत्तर नाही.

"आई," कुंदा म्हणाली, "पुरे आता!"

चाळीस. kesar. उत्तर नाही.

"तुला कुणी रिलीव्हर पाठवली नाही ना? झुंबरबाईची बस आलीच नाही. बोर्ड भंगारात घातला, पण तुला ऊठ कुणी म्हणालंच नाही. मी आले. उशिरा आले. मलाही एकवीस वर्षं लागली."

तिने हात पुढे केला. खांदा जिथे असता, तिथे. हवेत.

हवा गार होती. शेहेचाळीस डिग्रीत... गार.

"मी बसले," कुंदा म्हणाली. "तू ऊठ."

काही झालं नाही.

एक क्षण. दोन.

मग रेक्झिन हळूहळू वर आलं. सुस्कारा सोडल्यासारखी हवा निघाली त्यातून. काहीतरी तिच्या अंगावरून गेलं, घाईने, दाराकडे. घरी जायची घाई असलेल्या बाईसारखं.

कुंदा खुर्चीत बसली. जन्मात पहिल्यांदा. बैठक गरम होती.

पडद्यावर पुन्हा चाळीस. kesar.

"बोला," कुंदा म्हणाली. "देते."

खट्.

चाळीस. kesar. उत्तर देणारा... एक.

त्यानंतर एकही ओळ आली नाही. कुंदा खुर्चीत बसून ढसाढसा रडली. मला हे सांगतानाही रडली, आणि मग मलाच म्हणाली, "रडतेस काय, वेडे!"

साडेबाराला वीज आली. दुसरं मशीन चालू झालं. शेवटी एक, तसंच भरलेलं. तिने नाव टाकलं. उघडली साइट! एकदाही खट् झालं नाही. नऊला हाक मारून पाहिली. असं मशीन नाही, म्हणून उत्तर आलं.

एक वाजता साहेब आले, घाम पुसत. प्रत्येक आकडा तपासला, ताक प्यायले, मान्यता देऊन गेले. घर कुंदाचं झालं. आमच्या ह्यांनी कागदावर सही करून दिली आणि पुढचे आठ दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. मी मुद्दाम पुरणपोळी केली.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहायलाच बसले नसते.

डिसेंबरात, ख्रिसमसच्या सुट्टीत, मी एकटी भुसावळला गेले. क्लासला सुट्टी होती. दुपारचे बारा वाजून गेले होते. पाहते तर कुंदा त्या हिरव्या खुर्चीत बसलेली. मांडीवर ताट, भाकरी तशीच, डोळे पडद्यावर. बारीक झाली होती. मी बॅग ठेवली आणि मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय गं अवस्था ही! चल, नीट खाली बसून जेव. मी बसते, तू ऊठ."

आपण म्हणतोच की असं. कुणालाही म्हणतो.

कुंदाचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली. मला अजून आठवतं, ती आपण होऊन उठली नाही. कुणी दंडाला धरून उठवावं तशी उठली. आणि मला कळायच्या आत मी खुर्चीत होते.

पडद्यावर एक ओळ होती. विचारणारा, चाळीस. नाव, kunda.

उत्तर... नाही.

वर तसल्याच ओळी. दिवाळीपासूनच्या. रोज बारा दहाच्या. चाळीस. kunda. उत्तर नाही. चाळीस. kunda. उत्तर नाही.

आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली नवी ओळ उमटली.

चाळीस. kunda. उत्तर देणारा, एक.

खट्.

फोन वाजला.

मॉडेम चालू होता. मॉडेम चालू असला की त्या लाइनवर फोन वाजूच शकत नाही. तो वाजला. एकदा. पूर्ण.

कुंदाचा हात रिसीव्हरकडे निघाला होता. ती नाही म्हणत होती, मान हलवत होती, आणि हात चाललाच होता. फोन दुसऱ्यांदा वाजायला लागला तसा तिने दुसऱ्या हाताने माझा खांदा गच्च धरला आणि ओरडली, "मी बसले! तू ऊठ!"

मला खुर्चीतून ओढूनच काढलं तिने. स्वतः धपकन बसली.

फोन अर्ध्यावर बंद पडला.

मी जमिनीवरच बसले. मग मी म्हणाले, "कुंदा, तुझे आई-दादाच ना ते?"

"तेच. दोघं भेटले आता. आता मी हवीय त्यांना."

"मग?"

"मग काय मग?" तिने ताट पुन्हा मांडीवर घेतलं, भाकरी मोडली. "माझे बावीस विद्यार्थी आहेत. मार्चमध्ये परीक्षा आहे. मला नाही जायचं. बारा वाजले की मी खुर्चीत बसते. बोर्डावरच्या बाईला कॉल देता येत नाही. हा नियम त्यांचाच आहे, आता पाळा म्हणावं! तिने एकवीस वर्षं पाळला, मी चाळीस पाळीन. फक्त मला कुणी ऊठ म्हणू नका."

मी हात जोडले तिला. अक्षरशः.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला परतले. संध्याकाळी तिचा फोन आला.

"वहिनी, एक सांगायचंय. घाबरू नकोस. तू एक मिनिट बोर्डावर बसलीस ना... तुझंही नाव यायला लागलंय. lila. माझ्या नावाच्या खाली."

मी पोरांना बाहेर खेळायला पिटाळलं.

"मी उत्तर देत नाहीये," कुंदा म्हणाली. "मी असेपर्यंत देणार नाही. त्यांना काय मागायचं ते मागू दे. फक्त तुमच्याकडे दुपारी बारा ते साडेबारा फोन वाजला तर उचलू नकोस. आधारदादालाही उचलू देऊ नकोस."

सासऱ्यांना तर मी पाहिलेलंसुद्धा नाही. सासूबाई जिवंतपणी सुट्टीला बोलवायच्या, तेव्हा मी दहा कारणं काढून टाळायचे. आता जाईन होय? मुळीच जाणार नाही. त्यांना स्पष्ट सांगते, इथेच लिहून सांगते, माझी पोरं लहान आहेत आणि मला वेळ नाही.

पण रोज दुपारी बारा दहाला आमचा धुळ्याचा फोन वाजतो.

एकदा पूर्ण वाजतो. दुसऱ्यांदा अर्धा वाजतो आणि बंद पडतो. दीड वेळा. रोज. मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ते मोजते. दीडवर थांबला की कळतं, कुंदा खुर्चीत आहे, तिने लाइन दिली नाही, आणि मी पोळी उलटते.

आजही दीड वेळाच वाजला.

दोन वेळा पूर्ण वाजला तर काय करायचं, ते आम्ही दोघींनी अजून ठरवलेलं नाही.